घोंगडीचा उद्योग उभारताना: लोकरीपासून यात्रेतल्या विक्रीपर्यंत कामाचा योग्य क्रम

सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, तसेच सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांत घोंगडीच्या कामातून गावाला चार पैसे मिळावेत म्हणून गट स्थापन होतात आणि त्यांतले काही पहिल्या हंगामातच थांबतात. विणकराला विणता येत नाही म्हणून असे होत नाही. कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी गटाचे नाव आणि बोधचिन्ह ठरते, मग प्रदर्शनात गाळा मिळतो, तिथे शंभर घोंगड्यांची मागणी नोंदवली जाते आणि त्यानंतर लोकर शोधायला माणूस निघतो. तोपर्यंत कळप कातरून वाटेला लागलेले असतात. मग बाहेरचे गिरणीचे सूत येते, माल वेगळाच तयार होतो आणि पहिल्याच ग्राहकाचा विश्वास जातो.

हा लेख अशा गटांसाठी, त्यांना मदत करणाऱ्या ग्रामपंचायतींसाठी आणि संस्थांसाठी आहे. यात बाजार सर्वांत शेवटी येतो. लोकर, सूत आणि मजुरी यांचा हिशेब पक्का होण्याआधी कोणाकडूनही आगाऊ रक्कम घेऊ नये, ही एकच अट पाळली तरी निम्म्या चुका टळतात.

सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

एक वजनकाटा, एक मोजपट्टी, जाड पुठ्ठ्याच्या तीन वह्या आणि लोकर ठेवण्यासाठी एक कोरडी, हवेशीर खोली एवढे साहित्य पहिल्या दिवशी पुरते. पहिली वही लोकरीची, दुसरी सुताची आणि तिसरी विणलेल्या मालाची. तिन्ही वह्या एकाच माणसाकडे देऊ नयेत. लोकर मोजून घेणारा आणि तिचे पैसे देणारा वेगळा असला, तर पुढचे बरेच वाद उद्भवत नाहीत.

गटाची रचना सुरुवातीला साधी ठेवावी. दहा ते वीस जणांचा बचत गट, त्याचे बँक खाते आणि दर महिन्याची लिहिलेली बैठक एवढ्यावर पहिली दोन वर्षे निघतात. उत्पादक कंपनी, म्हणजे उत्पादकांच्याच मालकीची नोंदणीकृत कंपनी, किमान दहा उत्पादकांना स्थापन करता येते, हे ऐकून पुष्कळ जण लगेच तिकडे वळतात. परंतु कंपनी झाली की दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते आणि विवरणपत्रे भरावी लागतात, विक्री होवो अथवा न होवो. उलाढाल हा खर्च पेलू शकेल असे वहीतून दिसल्यावरच तो विचार करावा.

टप्पा १: कोणाचे काय, हे ठरवून लिहा

घोंगडी एका घरात तयार होत नाही. मेंढरे धनगरांची, सूत कातणाऱ्या बहुतेक त्यांच्याच घरातल्या किंवा शेजारपाजारच्या स्त्रिया आणि खड्ड्याच्या मागावर (जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायच्या हातमागावर) विणणारे परंपरेने सनगर समाजाचे. या तिघांना एकत्र बसवल्याशिवाय गटाची नोंदणी करू नये. अनेक गटांत फक्त विणकर असतात, कारण माग दिसतो आणि त्याचे छायाचित्र चांगले येते. चरखा घरात असतो आणि लोकर वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर असते, त्यामुळे ती दोन माणसे कागदावर येतच नाहीत आणि पैसे वाटताना आठवतही नाहीत.

या पहिल्या बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. घोंगडी हे पांघरूण आहे, तसे ते देवाच्या आसनाचेही वस्त्र आहे. बिरोबा, खंडोबा आणि सिद्धनाथ यांच्या अनेक विधींत तिला मान आहे. त्यामुळे तिच्यापासून काय करायचे आणि काय करायचे नाही, याची यादी समाजातल्या वडीलधाऱ्यांनीच करावी. पिशवी, आसन, शाल किंवा जाकीट चालेल, परंतु पायपुसणे किंवा चपलेचा तळ चालणार नाही, असे एखाद्या गावात ठरू शकते. दुसऱ्या गावात वेगळे ठरेल. शहरातल्या रचनाकाराने नमुना पाठवल्यावर ही चर्चा सुरू झाली, तर उशीर झालेला असतो आणि मने दुखावलेली असतात.

तपासणी: मेंढपाळ, सूत कातणाऱ्या स्त्रिया आणि विणकर या तिन्ही बाजूंच्या किमान दोन-दोन व्यक्तींच्या सह्या किंवा अंगठे बैठकीच्या वहीत आहेत का? नसतील, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा २: लोकर

सगळा उद्योग या टप्प्यावर उभा राहतो किंवा पडतो, म्हणून इथे सर्वाधिक वेळ द्यावा.

आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड असते. ती मऊ शालीसाठी नसून ऊन, वारा आणि पावसाची सर झेलणाऱ्या पांघरुणासाठी आहे. जत भागातली माडग्याळ मेंढी प्रामुख्याने मांसासाठी पाळली जाते, तिच्या लोकरीवर घोंगडीचे नियोजन करू नये. कोणत्या कळपात दख्खनी मेंढरे आहेत, त्यांत काळी किती आणि पांढरी किती, हे वाड्यावर जाऊन डोळ्यांनी पाहावे.

कातरणी साधारणपणे वर्षातून दोनदा होते, पावसाळा ओसरताना आणि उन्हाळा तोंडावर असताना. पुष्कळ कळप दिवाळीच्या सुमारास चाऱ्यासाठी घाटाकडे, कृष्णाकाठी किंवा कोकणात जातात आणि वाटेत कातरणी झाली तर ती लोकर तिथेच टाकली जाते, कारण कातरणाऱ्याची मजुरीही तिच्या विक्रीतून सुटत नाही. इथेच गटाला पहिली संधी असते. मेंढपाळाशी कातरणीच्या महिनाभर आधी बोलावे, कातरणीची मजुरी गटाने द्यावी आणि लोकरीचा दर किलोमागे वेगळा ठरवावा. ‘नाहीतरी तुम्ही फेकताच’ असे म्हणून लोकर फुकट मागणे ही सर्वांत वाईट सुरुवात आहे. पुढच्या वर्षी तो मेंढपाळ लोकर निवडून, जपून देणार नाही, आणि त्याने तसे का करावे?

कातरणीचा क्रम असा ठेवावा.

१. कातरणीच्या आदल्या दिवशी मेंढरे वाहत्या पाण्यात धुऊन घ्यावीत आणि अंग पूर्ण सुकू द्यावे. ओल्या अंगावर कातरलेली लोकर ढिगात तापते, पिवळी पडते आणि तिला वास येतो.

२. कातरण्यासाठी जमिनीवर ताडपत्री किंवा जुने गोणपाट अंथरावे. मातीवर कातरलेल्या लोकरीत वाळू जाते. ती वजनात मोजली जाते आणि पिंजताना खाली पडते, म्हणजे गट मातीचे पैसे देतो.

३. पाठीची आणि खांद्यांची लोकर वेगळी, पोटाची आणि पायांची वेगळी, असे दोन ढीग कातरतानाच करावेत. दुसऱ्या ढिगातले आखूड, मळके तंतू सुतात गेले की धागा जागोजागी तुटतो.

४. रंगही तिथेच वेगळे करावेत. काळा, तपकिरी, करडा आणि पांढरा. घरी आणून निवडू म्हटले की ते काम होत नाही. घोंगडीचा रंग हा मेंढीचा रंग असतो, त्यामुळे निवड ढिली झाली तर रंगाचा पट्टा वाकडा दिसतो आणि तो पुढे कुठेही सुधारता येत नाही.

५. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, स्वतंत्र पिशवीत ठेवावी आणि पिशवीवर तारीख लिहावी. जावळाची घोंगडी मऊ असते आणि तिला मोल अधिक मिळते. म्हणूनच तिच्या नावाखाली साधा माल खपवण्याचा मोह होतो. तारखेची नोंद नसेल, तर ‘जावळाची’ हा शब्द विक्रीच्या चिठ्ठीवर लिहू नये.

लोकर गोणपाटात किंवा सुती पोत्यात भरावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नये, कारण आत दमटपणा धरतो. पोत्यांत सुकलेला कडुनिंबाचा पाला घालावा आणि महिन्यातून एकदा पोती उन्हात उघडावीत. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, एकदा लागली की ती खोलीतल्या सगळ्या मालात पसरते.

इशारा: कच्च्या लोकरीचे वजन म्हणजे वापरायच्या लोकरीचे वजन नव्हे. काटे, कुसळे, वाळू आणि तेलकटपणा निघून गेल्यावर किती उरते, हे प्रत्येक कळपासाठी पाच किलोच्या नमुन्यावर मोजावे आणि वहीत लिहावे. ही नोंद टप्पा ५ मध्ये लागणार आहे.

टप्पा ३: पिंजणी आणि सूत

लोकर हाताने मोकळी करताना तोंडाला फडके बांधावे, धूळ बरीच उडते. पिंजून झाल्यावर पेळू, म्हणजे लोकरीच्या सैल वळकट्या, करून चरख्यावर कातायचे असते. इथपर्यंतचे काम जाणत्या स्त्रियांना शिकवावे लागत नाही. गट चुकतो तो मजुरीच्या पद्धतीत.

सुताची मजुरी किलोवर ठेवली की धागा जाड होत जातो. यात लबाडी नसते, हिशेबच तसा असतो, कारण जाड धाग्याचा किलो लवकर भरतो. जाड सुताची घोंगडी जड आणि विरळ होते, विणकर कुरकुरतो आणि दोष सूत कातणाऱ्या बाईवर येतो. यावर सोपा उपाय आहे. एक फूट लांबीची लाकडी फळी घ्यावी, तिच्यावर लांबीच्या दिशेने सुताचे पन्नास फेरे घ्यावेत, त्या लडीचे वजन करावे आणि विणकराने पसंत केलेल्या लडीचे वजन हे प्रमाण मानावे. ठरलेल्या मर्यादेत बसणाऱ्या सुताला पूर्ण दर, बारीक आणि एकसारख्या सुताला थोडा वरचढ दर असे ठरवले की महिन्याभरात सूत सुधारते. ताण्याच्या (मागावरच्या उभ्या) सुताला पीळ अधिक आणि बाण्याच्या (आडव्या) सुताला थोडा कमी लागतो, म्हणून दोन्हींसाठी वेगळ्या प्रमाण-लडी करून भिंतीवर टांगाव्यात. वाचता न येणाऱ्या बाईलाही त्या हाताने तपासता येतात.

गिरणीचे सूत मिसळायचे असेल, तर ते उघडपणे मिसळावे आणि चिठ्ठीवर लिहावे. हातकातीच्या सुताची घोंगडी म्हणून मिश्र माल विकणे ही फसवणूक आहे, मग ती कितीही निकडीच्या मागणीपोटी झालेली असो.

तपासणी: आलेल्या प्रत्येक लडीतून चार बोटे धागा तोडून जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

टप्पा ४: खळ, विणाई आणि वर्षाचे वेळापत्रक

धागा ताठ आणि मजबूत व्हावा म्हणून ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, टरफले काढून, भिजवून, वाटून आणि शिजवून ती तयार होते, कुंच्याने ताण्यावर फिरवली जाते आणि उन्हात वाळवली जाते. या एका गोष्टीमुळे विणाईचे वेळापत्रक आभाळाच्या हाती असते. ढगाळ, दमट दिवसांत खळ नीट वाळत नाही, ताणा चिकट राहतो आणि धागे तुटतात. पावसाळ्यात विणाई मंदावते, हे ठाऊक असूनही गट जुलै महिन्यात दिवाळीच्या भेटवस्तूंची मागणी घेतात आणि अडचणीत येतात.

आपल्या भागातल्या थंडीतल्या यात्रा पाहिल्या तर हिशेब स्पष्ट होतो. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असतो, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्ष वद्य पक्षात आणि पालच्या खंडोबाची पौषात. घोंगडी विकली जाण्याचा हाच काळ आहे. पावसाळा ओसरतानाच्या कातरणीची लोकर घेऊन या यात्रा गाठू, असे वाटते, परंतु निवडणे, पिंजणे, कातणे आणि विणणे यांना दीड-दोन महिने पुरत नाहीत, कारण सूत कातण्याचे काम सर्वांत संथ असते. म्हणून थंडीतल्या यात्रांचा माल उन्हाळ्याच्या तोंडाच्या कातरणीचा असावा. सूत पावसाळ्यात घरात बसून कातावे, ऊन पडू लागले की विणाई धरावी आणि कार्तिकापर्यंत माल घडी करून ठेवावा. पावसाळ्यानंतरची लोकर पुढच्या उन्हाळ्यातल्या आणि यात्रांपलीकडच्या विक्रीसाठी राखावी.

विणून उतरलेल्या प्रत्येक घोंगडीला क्रमांक द्यावा आणि वहीत लांबी, रुंदी, वजन, लोकरीचा कळप, सूत कोणाचे आणि विणकर कोण हे लिहावे. किनार सरळ आहे का, मधे विरळ पट्टा आहे का, हे उजेडासमोर धरून पाहावे. सदोष घोंगडी बाजूला काढावी, ती तुकड्यांच्या वस्तूंसाठी उपयोगी पडते, परंतु पूर्ण दराच्या मालात मिसळू नये.

टप्पा ५: किंमत

घोंगडीची किंमत शेजारच्या गाळ्यावरच्या किमतीवरून ठरवू नये. ती खालून वर बांधत न्यावी. पुढचे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत, प्रत्येक गटाने स्वतःच्या वह्यांतले आकडे घालावेत.

समजा, ४० रुपये किलोने ४ किलो कच्ची लोकर घेतली, म्हणजे १६० रुपये. झाडून, वेचून, पिंजून २ किलो ८०० ग्रॅम उरली, म्हणजे लोकर प्रत्यक्षात ५७ रुपये किलो पडली. दिवसाला ४०० ग्रॅम सूत निघते असे धरले तर कातायला ७ दिवस लागले. रोज ३०० रुपयांप्रमाणे २,१०० रुपये झाले. खळ आणि विणाईचे ३ दिवस, रोज ५०० प्रमाणे १,५००. चिंचोके, सरपण आणि वाहतूक मिळून १५०. एकूण ३,९१० रुपये. गाळ्याचे भाडे, घड्या घालणे, न खपलेला माल आणि परत आलेले नग यांसाठी २० टक्के धरले, तर ७८२ रुपये वाढून ४,६९२ होतात.

या हिशेबात सर्वांत मोठा आकडा सूत कातणाऱ्या स्त्रीचा आहे. घोंगडी दीड-दोन हजारांना विकली जाते तेव्हा तो आकडा कोणाच्या घरातून वजा होतो, हे इथे उघड दिसते. माझ्या मते सुताची मजुरी पूर्ण देता येत नसेल, तर त्या गटाने घोंगडीऐवजी आधी आसन, पिशवी अशा लहान वस्तू कराव्यात. त्यांत सूत कमी लागते आणि मजुरी देऊनही किंमत ग्राहकाच्या आवाक्यात राहते.

दुकानदाराच्या टक्क्यांत बहुतेक गट फसतात. दुकानदार विक्रीच्या किमतीवर ३० टक्के मागतो आणि गट आपल्या खर्चावर ३० टक्के चढवतो. ४,६९२ वर ३० टक्के चढवले की ६,१०० होतात. त्यातले ३० टक्के म्हणजे १,८३० रुपये दुकानदाराने घेतले की हाती ४,२७० उरतात, म्हणजे प्रत्येक नगामागे ४२२ रुपयांचा तोटा. योग्य पद्धत भागाकाराची आहे. ४,६९२ ला ०.७० ने भागावे, उत्तर साधारण ६,७०३ येते.

तपासणी: गटाबाहेरच्या, हिशेब जाणणाऱ्या एका व्यक्तीला, उदाहरणार्थ गावातल्या शिक्षकांना, हा हिशेब एकदा दाखवावा. दोन चुका तरी सापडतात.

टप्पा ६: नोंदणी आणि कागदपत्रे

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, निःशुल्क आहे आणि ती आधारच्या मदतीने केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला काहीही देऊ नये.

विणकरांची नोंद हातमाग विकास आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंधित असते आणि हस्तकला कारागिरांची हस्तकला विकास आयुक्तांशी. ही दोन वेगळी कार्यालये आहेत. घोंगडी मागावर विणली जाते, म्हणून विणकराने हातमागाच्या बाजूने अर्ज करावा. चुकीच्या दाराशी दिलेले अर्ज महिनोन्महिने पडून राहतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यांत मागावरचा विणकर नाही. तरीही त्या योजनेसाठी विणकरांकडून कागद गोळा केले जातात. राज्याच्या २०२३ ते २०२८ या काळासाठीच्या वस्त्रोद्योग धोरणात मात्र पैठणी, हिमरू, करवतकाठी आणि खण यांच्याबरोबर घोंगडीलाही पारंपरिक वस्त्र म्हणून स्थान आहे. त्यातल्या सवलतींसाठी आधी विणकर म्हणून नोंद असावी लागते, त्यामुळे नोंद हेच पहिले काम.

केंद्र सरकारच्या टेक्स्टाइल्स कमिटीकडून हातमाग चिन्ह, म्हणजे माल हातमागावरचाच असल्याची खूण, मिळते. सूत आणि विणाईच्या नोंदी टप्पा ३ आणि ४ प्रमाणे ठेवल्या असतील, तर ते घेणे जड जात नाही आणि शहरातल्या ग्राहकाला ते ओळखीचे असते. हातमागासाठी उत्पादने राखून ठेवणाऱ्या १९८५ च्या कायद्यात अकरा प्रकार आहेत आणि त्यांत कांबळीचा समावेश आहे. परंतु हे आरक्षण तांत्रिक तपशिलांनी बांधलेले आहे. यंत्रावरचे प्रत्येक ब्लँकेट बेकायदा आहे, असे जाहीरपणे बोलत फिरू नये.

वस्तूंच्या राज्यांतर्गत विक्रीसाठी वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सहसा लागत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवण्यापूर्वी मात्र करसल्लागाराला विचारावे.

भौगोलिक मानांकनाविषयी, म्हणजे विशिष्ट भागातल्या वैशिष्ट्यपूर्ण मालाच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाविषयी (जीआय), थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण हल्ली प्रत्येक बैठकीत तोच विषय आधी निघतो. सांगलीची हळद आणि बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि २०२४ मध्ये मिरजेची सतार व तंबोरा यांना मानांकन मिळाल्यावर ‘आपल्या घोंगडीलाही घेऊ’ असे वाटणे स्वाभाविक आहे. हे मानांकन १९९९ च्या कायद्याखाली चेन्नईच्या नोंदणी कार्यालयातून मिळते. एकट्या विणकराला अर्ज करता येत नाही, उत्पादकांचे प्रतिनिधित्व करणारी संघटना किंवा संस्था लागते. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. मानांकन मिळाले तरी काम संपत नाही. ज्या उत्पादकाला ते नाव कायदेशीर संरक्षणासह वापरायचे आहे, त्याने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. नाव संघटनेच्या कपाटात राहते आणि विणकर बाहेर राहतो, असे होऊ द्यायचे नसेल, तर अर्जाच्या आधीच सगळ्यांच्या नोंदीची तयारी ठेवावी. अर्जात मालाचे वैशिष्ट्य आणि त्या भूभागाशी असलेला संबंध पुराव्यानिशी दाखवावा लागतो. दोन वर्षांच्या नीट भरलेल्या तीन वह्या हा त्याचा उत्तम पाया आहे. वह्या नसतील, तर मानांकनाचा विषय पुढे ढकलावा.

टप्पा ७: विक्री

आता बाजार. पहिल्या हंगामात दोनच ठिकाणे निवडावीत, एक यात्रा आणि एक शहरी प्रदर्शन. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नतीसाठीच्या ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांना त्यांच्या मालासाठी भरणाऱ्या सरस प्रदर्शनांत गाळे मिळतात, त्यासाठी तालुक्याच्या कक्षाकडे आधीच नाव द्यावे. यात्रेत जागेसाठी ग्रामपंचायत आणि देवस्थान या दोघांकडे विचारणा करावी, कारण जागेचा अधिकार गावागणिक वेगळा असतो. कास आणि महाबळेश्वरच्या पर्यटकांकडे लक्ष जाणे साहजिक आहे, परंतु कासचा बहर साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असतो, तेव्हा आपली विणाई नुकतीच सुरू होत असते. तिथे मागच्या हंगामातल्या लहान वस्तू न्याव्यात.

प्रत्येक घोंगडीसोबत मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी. तिच्यावर क्रमांक, माप, वजन, लोकरीचा रंग, सूत हातकातीचे की मिश्र, गटाचे नाव आणि निगा राखण्याची रीत असावी. नवी घोंगडी खळीमुळे ताठ असते, तिला थोडा वास असतो आणि ती अंगाला टोचते. हे विकण्याआधी सांगितले तर ग्राहक स्वीकारतो, नंतर कळले तर परत आणतो. थंड पाण्यात भिजवावी, पिळू नये, सावलीत आडवी वाळवावी. गरम पाण्यात लोकर आटते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, हे ठळक अक्षरांत छापावे.

इशारा: घोंगडीवर बसल्याने कंबरदुखी, संधिवात किंवा रक्तदाब बरा होतो असे लिहू नये, बोलू नये आणि समाजमाध्यमावर टाकू नये. सिद्ध न करता येणारा दावा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतो. ती ऊबदार आहे, टिकाऊ आहे आणि आपल्या माळरानावरच्या मेंढीची आहे, एवढे खरे सांगणे पुरेसे आहे.

प्रदर्शनात गर्दी जमावी म्हणून धनगरी गजनृत्याचे पथक किंवा ओव्या म्हणणारे ज्येष्ठ गायक बोलावले जातात. त्यांना ‘आपलीच माणसे’ म्हणून जेवणावर बोळवू नये. मानधन, प्रवास आणि ढोल-कैताळ नेण्याचा खर्च आधी लिहून ठरवावा. देवासमोरच म्हणायच्या ओव्या बाजारात म्हणायच्या का, हे गायकाने ठरवावे. ध्वनिचित्रमुद्रण करून जाहिरातीत वापरायचे असेल, तर लेखी संमती घ्यावी, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ ने सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क दिलेला आहे.

तपासणी: गाळ्यावर जितके नग नेले, तितक्यांचे क्रमांक वेगळ्या कागदावर आहेत का? संध्याकाळी विकलेले आणि उरलेले क्रमांक जुळवल्याशिवाय रोख रक्कम मोजून बंद करू नये.

टप्पा ८: पैशांचे वाटप आणि पुढची कातरणी

सूत आणि विणाई यांची मजुरी विक्रीवर अवलंबून ठेवू नये. काम जमा झाल्यावर ठरलेल्या दिवशी ती मिळाली पाहिजे. सुरुवातीला हे परवडत नसेल, तर नग कमी करावेत, मजुरी थांबवू नये. विक्रीनंतर खर्च वजा जाऊन जे उरेल, त्यातला पहिला वाटा पुढच्या कातरणीच्या लोकरीसाठी खात्यात बाजूला ठेवावा आणि उरलेल्या रकमेची वाटणी टप्पा १ मधल्या तिन्ही बाजूंत, त्या वहीत लिहिलेल्या प्रमाणात करावी. मेंढपाळाला इथेही वाटा असावा, केवळ लोकरीचा दर देऊन त्याला मोकळे करू नये.

परत आलेल्या नगांची कारणे वहीत लिहावीत. विरळ वीण हे कारण वारंवार येत असेल, तर प्रमाण-लड तपासावी. वासाची तक्रार असेल, तर खळ आणि मेंढरे धुण्याची पद्धत पाहावी. कसर लागली असेल, तर साठवणुकीची खोली रिकामी करून, पोती उन्हात टाकून, मगच नवा माल आत घ्यावा.

फाल्गुन लागण्यापूर्वी वाड्यावर जावे, कळप कुठे आहे ते विचारावे, कातरणीची तारीख आणि कातरणाऱ्याची मजुरी ठरवावी आणि ताडपत्री, गोणपाट व वजनकाटा त्या दिवशी मेंढपाळाच्या तळावर पोहोचेल अशी व्यवस्था करावी.